लांडग्यासारखा दिसणारा हस्की आणि कोकणातले घर

गुहागर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, कौलारू, भोवती हापूसची कलमे आणि जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा हवा आहे. त्याने सायबेरियन हस्कीच्या पिल्लासाठी विसारही देऊन ठेवला आहे आणि एप्रिलच्या अखेरीस पिल्लू गावी यायचे आहे. विकणाऱ्याचे म्हणणे असे की यात लांडग्याचे रक्त आहे, बागेची राखण उत्तम होईल आणि दुपारी एसी लावला की हवामानाचा प्रश्नच उरत नाही. यात खरे किती, आणि पाळायचाच झाला तर काळजी कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे.

मी गेली चोवीस वर्षे दापोली-गुहागर पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. सुरुवातीची बरीच वर्षे माझ्या टेबलावर गाई-म्हशी, शेळ्या आणि गावठी कुत्रे यांखेरीज फारसे काही आले नाही, पण अलीकडे हस्की नियमाने येतात. त्यातले बहुतेक आजारी होऊन येतात आणि त्या आजारांपैकी पुष्कळसे टाळता आले असते. म्हणून उत्तर लांबले तरी सविस्तर देत आहे. विकणाऱ्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यातली एसीची गोष्ट जिवावर बेतणारी आहे.

आधी रक्ताविषयी. जगातले सगळेच कुत्रे फार प्राचीन काळच्या करड्या लांडग्यांपासून आले आहेत. त्या अर्थाने आपल्या अंगणात झोपलेल्या गावठी कुत्र्यातही लांडगा आहेच. हस्कीपुरते अधिक सांगायचे तर सायबेरियातील तैमिर द्वीपकल्पावर सापडलेल्या सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या हाडातील डीएनएचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या लांडग्यांचा थोडा अंश हस्की व ग्रीनलंडचे कुत्रे यांच्यात उतरलेला आढळला. मात्र हा संबंध अतिप्राचीन आहे. अलीकडच्या काळात लांडग्याशी संकर करून ही जात घडवलेली नाही. नीट पाहिले तर फरकही दिसतो. हस्की खुशीत असला की त्याची शेपटी विळ्यासारखी पाठीवर वळते, लांडग्याची सरळ खाली लोंबते. प्रौढ लांडग्याचे डोळे पिवळट-पिंगट असतात, आणि ज्या निळ्या डोळ्यांमुळे हस्की लोकांना 'अस्सल लांडगा' वाटतो ते निळे डोळे नेमके कुत्र्याचे लक्षण आहे. त्यामागचा गुणसूत्रातील बदल २०१८ मध्ये शोधला गेला. तपकिरी डोळ्यांचा किंवा एक डोळा निळा आणि एक तपकिरी असलेला हस्कीही तितकाच शुद्ध असतो, त्यामुळे निळ्या डोळ्यांसाठी कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

खरोखर लांडग्याशी संकर करून घडवलेल्या जाती वेगळ्या आहेत. चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांचा संकर सुरू झाला आणि त्यातून चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग तयार झाला. त्याच्याही आधी नेदरलंड्समध्ये लेंडर्ट सार्लोस यांनी तसाच प्रयत्न केला होता. ही जनावरे बुजरी असतात, अनोळखी माणसापासून दूर पळतात आणि अनुभवी हातांतच सुरक्षित राहतात. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये आक्रमक मानलेल्या जातींची जी यादी राज्यांना पाठवली, तीत 'वुल्फ डॉग' होते, हस्की नव्हता. पुढे ते परिपत्रक न्यायालयांत गेले आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. भारतीय लांडगा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा विकणारा जर लांडग्याच्या रक्ताची हमी देत असेल, तर तो खोटे बोलत आहे किंवा आपल्याला कायद्याच्या अडचणीत टाकणारे जनावर देत आहे. दोन्ही परिस्थितींत त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

हस्कीचा स्वभाव समजण्यासाठी तो कोणी आणि कशासाठी पोसला हे पाहावे लागते. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात. त्यांनी पिढ्यान्पिढ्या असा कुत्रा निवडत नेला, जो बर्फावरच्या घसरगाडीतले हलके ओझे मध्यम वेगाने, थोडक्या अन्नावर, फार लांबपर्यंत ओढील. १९०८ मध्ये विल्यम गूसाक या रशियन व्यापाऱ्याने हे कुत्रे अलास्कातील नोम येथे नेले, तेव्हा तिथल्या धिप्पाड कुत्र्यांपुढे ते इतके लहान दिसले की लोकांनी त्यांना 'सायबेरियन उंदीर' म्हणून हिणवले. पुढच्याच वर्षी सुमारे ६५० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांचा संघ तिसरा आला आणि १९१० मध्ये पहिला. जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची (डिप्थेरियाची) साथ आली. रेल्वे जिथे संपत होती तिथून नोमपर्यंतचे १,०८५ किलोमीटर अंतर २० गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत कापले आणि रोगावरचे प्रतिविष पोहोचवले. शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला, पण सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लेओनार्ड सेप्पाला यांच्या टोगोने पार केला होता. १९३० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला, कारण त्यात राखणदारी कुठेच नाही. गाडी ओढणाऱ्या कुत्र्याला अनेक माणसांच्या आणि अनेक कुत्र्यांच्या संगतीत शांत राहावे लागे आणि माणसावर दात धरणारा कुत्रा तिथे निरुपयोगी ठरे. म्हणून आजचा हस्की अनोळखी माणसाकडेही शेपटी हलवत जातो. रात्री कलमांत कोणी शिरला तर तो त्याच्यासोबत फिरून येईल. तो भुंकतही फारसा नाही, हेल काढून रडतो. आपल्याकडे तिन्हीसांजेला सड्यावरून कोल्हेकुई ऐकू येते आणि हस्की तिला हमखास साथ देतो. शहरात याची मौज वाटते, परंतु गावात कुत्र्याचे रडणे अशुभ मानतात. एका वाडीत शेजारची आजी अंथरुणाला खिळलेली असताना हस्की रोज रात्री रडू लागला, तेव्हा गावातल्या जाणत्या मंडळींनी घरमालकाला कुत्रा हलवण्याची विनंती केली. तिथे दोष कुत्र्याचाही नव्हता आणि त्या माणसांचाही नव्हता. कुत्रा आणण्यापूर्वी एवढा विचार व्हायला हवा होता. बागेतल्या वानरांवर मात्र हस्की धावून जाईल, आणि त्यांच्यामागे गडगा ओलांडून तसाच पुढे निघून जाईल.

आता हवामान. लोक म्हणतात की नागपुरात आणि दिल्लीत हस्की राहतात, तिथे पारा ४५ पर्यंत जातो, आपल्याकडे तर ३३-३४ च असतो. इथेच फसगत होते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा हवेत उडून जातो आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. ओलावा उडून जाण्यासाठी हवा कोरडी हवी. ज्या दिवशी दोरीवर टाकलेले लुगडे संध्याकाळपर्यंत सुकत नाही, त्या दिवशी कुत्र्याच्या धापाही कामाला येत नाहीत. उलट धापा टाकण्याच्या श्रमाने अंगात आणखी उष्णता तयार होते. त्यातच हस्कीच्या अंगावर दुहेरी केस असतात, आत लोकरीसारखा दाट थर आणि वर राठ केस. उणे तापमानात अंगाची ऊब धरून ठेवणे हेच आतल्या थराचे काम, आणि पडलेल्या वाऱ्याच्या दमट हवेतही तो तेच काम करत राहतो. कोकणात सर्वांत वाईट काळ ऐन मे महिन्यात नसतो. मृगाच्या आधीचे आठ-पंधरा दिवस आणि पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर हे दोन काळ मला जास्त भीतीचे वाटतात.

अशाच एका ऑक्टोबरात सकाळी साडेदहा वाजता तीन वर्षांचा हस्की चादरीत गुंडाळून माझ्याकडे आणला होता. घरी पाहुणे आलेले होते, फोटो काढायला त्याला किनाऱ्यावर नेले आणि अर्धा-पाऊण तास तो वाळूत धावला. परतताना त्याचे मागचे पाय लटपटले. टेबलावर ठेवला तेव्हा जीभ बाहेर, टोकाशी पळीसारखी रुंद झालेली, हिरड्या विटेसारख्या लाल आणि तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. ताप ४१.८ अंश सेल्सिअस होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ च्या दरम्यान असते. घरच्यांनी मायेने ओला टॉवेल पांघरून त्याला गाडीत घातले होते, गाडीच्या काचा बंद होत्या आणि वीस मिनिटांत तो टॉवेल गरम होऊन त्याची गोधडी झाली होती. आम्ही त्याला मागच्या पडवीत नेऊन विहिरीच्या पाण्याच्या कळश्या ओतल्या, टेबलफॅन लावला आणि सलाईन सुरू केले. तासाभरात तापमान उतरले, त्याने मान उचलून मालकाकडे पाहिले आणि सगळ्यांना हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला रक्ताची हगवण लागली, कातडीखाली काळे-निळे डाग उठले आणि दुपारी तो गेला. उष्माघातात ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नसते. रक्त गोठण्याची क्रिया आणि मूत्रपिंडे नंतरच्या दोन-तीन दिवसांत कोसळू शकतात.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवे: कुत्रा थांबता थांबेनाशा धापा टाकू लागला, अडखळू लागला, हाकेला नीट प्रतिसाद देईनासा झाला, तर आधी तिथेच थंड करावे आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. सावलीत आडवा करून विहिरीचे किंवा टाकीचे जे पाणी हाताशी असेल ते पोटावर, मांड्यांमध्ये, काखेत सतत ओतत राहावे आणि वारा घालावा. ओले कापड पांघरून ठेवू नये. बेशुद्धावस्थेत तोंडात पाणी घालू नये. थर्मामीटर असल्यास ३९.५ ला ओतणे थांबवावे. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात किंवा गाडीचा एसी पूर्ण चालू असावा.

घरातल्या एसीबद्दल मी इतके कठोरपणे का लिहिले ते सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. दापोली-मंडणगड भागात खांब, तारा, झाडे सगळे आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या कुत्र्यांना दिवसभर बंद खोलीत २२ अंशांवर राहण्याची सवय लावली होती, त्यांची अवस्था मी पाहिली आहे. वादळ सोडा, साध्या पावसाळी रात्रीही आपल्याकडे वीज चार-पाच तास जाते आणि घरगुती इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी चालत नाही. शिवाय सतत गारव्यात ठेवलेले शरीर उकाडा सोसायला शिकत नाही. माझा सल्ला असा की कुत्र्याची मूळ जागा एसीविना गार असली पाहिजे. माजघरातली शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी, समोरासमोर खिडक्या, वर पंखा आणि एक घंगाळ भरून पाणी एवढे असावे. एसी हा वरचा आधार, आणि तो चालवायचा झाल्यास २६-२७ अंशांवर. पत्र्याच्या शेडमध्ये हस्की ठेवणे हा माझ्या मते छळ आहे.

फिरवणे पहाटे उजाडण्यापूर्वी आणि रात्री जेवणे उरकल्यावर. रोज तास-दीड तास धावण्याची त्याची गरज खरी आहे, ती मार्च ते ऑक्टोबर या काळात इथे पूर्णपणे भागवता येत नाही आणि न भागलेली गरज तो कलमांची आळी उकरण्यात आणि दार कुरतडण्यात खर्च करतो. यावर थोडाफार उतारा म्हणजे डोक्याला काम देणे. जेवण ताटलीत वाढण्याऐवजी नारळाच्या करवंट्यांखाली लपवावे, बिनमिठाचे माशाचे पाणी डब्यात गोठवून तो गोळा चाटायला द्यावा. समुद्रात पोहणे काही हस्कींना आवडते, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन काढावे आणि जेटीजवळ सोडू नये, कारण वाळूत पडलेल्या गळांनी ओठ आणि पंजे फाटलेले कुत्रे माझ्याकडे दर मोसमात येतात.

उकाड्यासाठी केस काढून टाकावेत का, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. काढू नयेत. वरचा राठ थर कातडीला उन्हापासून वाचवतो. तो मशीनने साफ केला तर हस्कीसारख्या जातींत कित्येकदा केस महिनोन्महिने परत येत नाहीत, आले तरी लोकर आधी येते आणि कुत्रा पहिल्यापेक्षा जास्त तापतो. काढायची ती आतली सुटलेली लोकर. थंड देशांत हस्की वर्षातून एक-दोनदा मोठ्या प्रमाणावर लोकर टाकतो, इथे ती बारमाही थोडीथोडी गळत राहते. लांब दातांच्या फणीने दिवसाआड विंचरावे. मानेखालून, मांडीमागून मूठ-मूठ लोकर निघते आणि त्या जागेला वारा लागतो.

पावसाळ्यात या केसांची काळजी म्हणजे वेगळाच उद्योग आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आतली लोकर एकदा भिजली की टॉवेलने पुसून सुकत नाही. वरून हात फिरवला तर केस कोरडे लागतात, म्हणून माणूस फसतो. माझ्या दवाखान्यात मी मालकाचा हात धरून दाखवतो: बोटांची टोके केसांत उभी घालून थेट कातडीपर्यंत न्यावीत, कानामागे, शेपटीच्या बुंध्याशी, गळपट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत. तिथे गार ओल लागली आणि बोटे हुंगल्यावर ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, तर दोन दिवसांत त्या जागी कातडी सोलवटून चिघळणार हे नक्की. रात्रीत तळहाताएवढी जखम होते. त्यासाठी ब्लोअर घ्यावा आणि गार हवेवर, केस उलटे उघडत, कातडी पूर्ण कोरडी होईपर्यंत वापरावा. पावसाळ्यात आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. गळपट्टा घरात असताना काढून ठेवावा.

खाण्याच्या बाबतीत कोकणी घरांत एक चूक वारंवार होते. आपल्याकडे कुत्र्याला पेज, भात, भाकरी, वरचे वरण घालतात. गावठी कुत्र्याचे त्यावर बऱ्यापैकी निभते. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती बहुतेक कुत्र्यांत भरपूर असतात, हस्कीसारख्या उत्तरेकडील जातींत कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हस्की आणि मॅलम्यूट या जातींत आतड्यातून जस्त शोषण्याची क्षमता जन्मतःच कमी असू शकते, आणि धान्य-डाळींतील फायटेट उरलेसुरले जस्तही बांधून ठेवते. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरतात आणि भेगा पडतात. पुष्कळ जण याला खरूज समजून महिनोन्महिने मलमे लावत बसतात. हाडे मजबूत व्हावीत म्हणून घातलेली कॅल्शियमची पावडर हा त्रास वाढवते. रोग ओळखला तर जस्ताच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत कातडी सुधारते, मात्र मात्रा वजनावर ठरते आणि जास्त जस्त विषारी असते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी.

मासळी हस्कीला मानवते. त्याचे पूर्वज मासे आणि सीलच्या मांसावरच वाढले. बांगडा किंवा तारली उकडून, काटे काढून, मीठ-मसाला न घालता द्यावी. सुकी मासळी खाऱ्यामुळे देऊ नये. हस्की अंगापिंडाच्या मानाने कमी खातो. नर २० ते २७ किलो आणि मादी १६ ते २३ किलो एवढेच या जातीचे प्रमाण वजन आहे, तेव्हा तो जेवत नाही म्हणून तूप-भात भरवून त्याला गुबगुबीत करण्याचा आग्रह धरू नये. चरबी चढलेला हस्की उन्हाळा काढू शकत नाही. आपल्या बागेच्या दृष्टीने आणखी एक सूचना: हापूसच्या दिवसांत कोयी अंगणात पडू देऊ नका. रसाच्या वासाने कुत्रा कोय अख्खी गिळतो, ती आतड्यात अडकते आणि पोट उघडण्यावाचून इलाज राहत नाही. काजूच्या ओल्या बियांच्या टरफलातले तेल तोंड भाजते, त्याही झाकून ठेवाव्यात.

गडग्याविषयी आपण काही विचारलेले नाही, पण मला तो सर्वांत काळजीचा वाटतो. कमरेएवढा गडगा हस्की एका उडीत पार करतो आणि न जमल्यास खालून उकरतो. बाहेर पडला की समोर शेजाऱ्यांच्या कोंबड्या असतात. शिकारीची ओढ या जातीत मुरलेली आहे, शिकवून ती जात नाही. एका दुपारी अकरा कोंबड्या मारून आलेल्या हस्कीचे प्रकरण पोलीस पाटलांपर्यंत गेलेले मी पाहिले आहे. घरची मांजर, शेळीची करडे यांनाही तोच धोका. दुसरीकडे दगडांच्या फटींत फुरसे हा विषारी साप असतो. रत्नागिरीच्या सड्यावर फुरसे किती, ते आपल्याला सांगायला नको, आणि हस्कीला तर फटीत नाक खुपसून फुंकरायची खोडच असते. आणि रात्री बिबट्या. गेल्या काही वर्षांत वाडीवस्तीत शिरून बिबट्याने नेलेल्या कुत्र्यांत साखळीने बांधलेले कुत्रे अधिक असतात, कारण त्यांना पळताही येत नाही. तेव्हा अंगणाच्या एका भागाला तरी सहा फुटी जाळीचे कुंपण, जाळी जमिनीत हात-दीड हात पुरलेली, आणि रात्री कुत्रा घरात, दार बंद. एवढे करणे शक्य नसेल तर हस्की आणू नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

आजारांपैकी इथे दोनच गोष्टींवर भर देतो. दाट केसांत गोचीड महिनाभर दिसत नाही आणि गोचीडतापाने रक्तातील पेशी घसरतात. आठवड्यातून दोनदा बोटांच्या फटी आणि कान तपासावेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने चघळण्याची गोळी सुरू ठेवावी, गुरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नये. दुसरा लेप्टोस्पायरोसिस, जो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या खाचरांतल्या आणि डबक्यांतल्या पाण्यातून येतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पूर्ण झालेली हवी. रेबीज, पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी तर कोणत्याही कुत्र्याला लागतातच. या जातीचे डोळे मात्र वेगळे तपासावे लागतात. कमी वयातला मोतीबिंदू आणि दृष्टिपटल झिजण्याचा रोग आनुवंशिक आहेत, म्हणून आई-बापांच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का हे विचारावे.

माझे मत विचाराल तर बागेची राखण हवी असल्यास आपल्याच वाडीतले गावठी पिल्लू घ्या. ते या हवेत जन्मले आहे, भुंकते, परका ओळखते आणि पेजेवरही तग धरते. मुलाला हस्कीच हवा असेल आणि तो स्वतः पुण्यात राहणार असेल, तर कुत्र्याने त्याच्याजवळ राहावे हे अधिक योग्य. पुण्याची हवा कोरडी आहे आणि ज्याला हौस आहे त्यानेच पहाटे पाचला उठावे. आई-वडिलांच्या वयाला २५ किलोचा ओढाळ कुत्रा दोरीने सांभाळणे सोपे नसते. ओल्या चिऱ्यांच्या पाखाडीवर कुत्र्याने ओढल्याने मनगट मोडलेल्या एका काकूंना मी ओळखतो.

तरीही पिल्लू गावीच यायचे ठरले, तर एप्रिलमध्ये आणू नका. विसार घेणाऱ्याला नोव्हेंबर-डिसेंबरमधले पिल्लू मागा, म्हणजे थंडीचे चार महिने मिळून त्याचे अंग हळूहळू उन्हाळ्याला तयार होईल. २०१७ च्या नियमांप्रमाणे श्वान-पैदास करणाऱ्याची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला पाहा, शक्य असेल तर पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा आणि केनेल क्लब ऑफ इंडियाची कागदपत्रे देणार असतील तर त्यांवरचा मायक्रोचिपचा क्रमांक पिल्लाच्या खांद्यापाशी स्कॅन करून ताडून घ्या. यातले काहीही दाखवायला तो तयार नसेल तर विसार सोडून द्यावा, पुढच्या दहा-बारा वर्षांच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. पिल्लू घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या, आणि त्याच दिवशी एक डिजिटल थर्मामीटर विकत घेऊन गुदद्वारात तापमान कसे मोजायचे ते तिथेच शिकून घ्या.